संततधारेत कुंड्या जपायच्या त्या बुडाकडून

पावसाची झड लागून आठवा दिवस असेल. अंगणाच्या कडेला ठेवलेल्या रोझमेरीचे शेंडे मलूल होऊन खाली वाकलेले दिसले. एवढा पाऊस पडत असताना झाड पाण्यावाचून सुकेल, हे मनाला पटेना. तरी सवयीने बोट मातीत खुपसले, तर माती चिखलासारखी ओली. कुंडी आडवी करून कडेने ठोकली आणि मातीचा गोळा अलगद बाहेर काढला. वरची चार बोटे माती बरी होती, तळाशी मात्र सडक्या अंड्यासारखा वास येत होता. एक तपकिरी मूळ चिमटीत धरून ओढले, तर त्याची साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि मागे नुसता दोरा उरला. तीन वर्षे जोपासलेले झाड होते ते. पाऊस वरून पडत होता, पण झाड गेले ते तळाशी तुंबलेल्या पाण्यामुळे. तेव्हापासून पावसाचा बंदोबस्त मी कुंडीच्या बुडापासून सुरू करते.

मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, आणि त्यासाठी लागणारा प्राणवायू त्यांना मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मिळतो. या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की हा पुरवठा जवळजवळ बंद पडतो, कारण प्राणवायू हवेतून जितक्या सहज पसरतो त्याच्या सुमारे १०,००० पट सावकाश तो पाण्यातून पसरतो. गुदमरलेल्या मुळांना पाणी ओढून घेता येत नाही. म्हणूनच तुडुंब भिजलेल्या कुंडीतले झाड हुबेहूब तहानलेल्या झाडासारखे दिसते, आणि पावसाने जरा उसंत घेतली की आपण त्यालाच आणखी झारीभर पाणी घालून मोकळे होतो. त्यातच मूळकूज घडवणाऱ्या पिथियम आणि फायटॉफ्थोरा या जिवांचे बीजाणू पाण्यात चक्क पोहत एका मुळाकडून दुसऱ्याकडे जातात. साचलेले पाणी म्हणजे त्यांच्यासाठी मोकळा रस्ताच.

आता हे पाणी भोक असूनही का साचते, ते पाहण्यासाठी भांडी घासायचा एक स्पंज पाण्यात बुडवून काढावा आणि आडवा धरावा. थोडे पाणी गळते आणि गळायचे थांबते. तोच स्पंज न पिळता उभा धरला की पुन्हा बरेच पाणी निथळते. कुंडीतली मातीही अशीच वागते: जास्तीचे पाणी भोकातून निघून गेले तरी तळाचा एक थर ओलागच्च राहतोच, आणि त्या थराची जाडी कुंडी किती मोठी आहे यावर अवलंबून नसून मातीच्या पोतावर असते. त्यामुळे उथळ पसरट कुंडीत मुळांच्या वाट्याला कोरडी जागा कमी येते, उंच कुंडीत जास्त. निचरा व्हावा म्हणून तळाशी खडीचा किंवा खापऱ्यांचा थर देण्याची सर्वत्र रूढ असलेली पद्धत मी याच कारणाने सोडून दिली. बारीक मातीतले पाणी खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. ओला थर खडीच्या डोक्यावर चढून बसतो आणि मुळांच्या आणखी जवळ येतो. माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता भोकावर जाळीचा तुकडा पुरतो.

पाऊस लांबणार असे दिसले की मी सर्वांत आधी कुंड्यांखालच्या ताटल्या काढून घेते. मग प्रत्येक कुंडी दोन विटांवर किंवा फरशीच्या तुकड्यांवर अशी ठेवते, की भोक मोकळे राहील आणि खाली दोन-तीन सेंटिमीटर हवा खेळेल. सपाट फरशीला चिकटून बसलेल्या कुंडीचे भोक असून नसल्यासारखे असते. वर्षानुवर्षे एकाच कुंडीत असलेल्या झाडांची मुळे भोकातच बूच बसवतात, तेव्हा खालून काडी घालून तेही पाहावे. एखादी कुंडी फारच तुंबली असेल, तर ती उचलून तिरकी टेकवावी, भोक खालच्या अंगाला येईल अशी; स्पंज उभा धरण्याचाच हा प्रकार. याशिवाय सुती दोरीचा तुकडा भिजवून भोकातून वर मातीत सारावा आणि खाली वीतभर लोंबता सोडावा. दोरीच्या टोकाशी थेंब जमून टपकू लागलेला पाहण्यात जे समाधान आहे, ते एखाद्या महागड्या उपकरणानेही मिळणार नाही.

माती भुसभुशीत करणे हा खरा उपाय, पण तो कोरड्या दिवसांतच करायचा. जाड वाळू किंवा परलाईट, म्हणजे खनिजाचे फुलवलेले हलके पांढरे दाणे, मिसळावे. नुसते कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, पाणी धरून ठेवते, हे विसरू नये. ओल्या मातीत खुरपी चालवली तर ती थापली जाऊन उरलीसुरली हवाही जाते.

वरून झाकण्याबद्दल माझे मत थोडे कडक आहे. झाडावर प्लास्टिकची पिशवी घालणे म्हणजे बुरशीला आमंत्रण. झाकायचेच असेल तर पारदर्शक पत्रा उतरता, चारही बाजू मोकळ्या ठेवून लावावा. सगळ्याच कुंड्यांना त्याची गरज नसते. कर्दळ आणि अळू पावसात सुखाने वाढतात. निवडुंग, कोरफड, अडेनियम, लॅव्हेंडर, रोझमेरी यांना मात्र आधी आडोशाला न्यावे. वळचणीची जागा बरी, पण पागोळ्या जिथे पडतात त्या रेषेवर कुंडी ठेवण्याइतकी वाईट जागा दुसरी नाही. उलट त्या रेषेच्या पुष्कळ आत भिंतीला लागून ठेवलेली झाडे भर पावसाळ्यात कोरडी पडतात, म्हणून मी एक दिवसाआड कुंडी किंचित उचलून वजनावरून अंदाज घेते. दाट पानांच्या झुडपांचेही तसेच. छत्रीसारखे पाणी ते कुंडीबाहेरच टाकतात.

सततच्या पाण्याने मातीतला नत्र धुपून जातो आणि खालची पाने आधी पिवळी पडतात. तरीही झड चालू असताना खत देऊ नये. ते वाहून जाईल. उघडीप होऊन नवी फूट दिसली की पातळ करून द्यावे. खालच्या पानांवर चिखलाचे शिंतोडे उडून रोग पसरू नये म्हणून मातीवर वाळक्या पानांचे आच्छादन घालावे. त्याखाली गोगलगायी लपतात, त्या रात्री विजेरी घेऊन वेचाव्या लागतात.

ऊन पडले की सगळ्या कुंड्या एकदम उन्हात काढण्याचा मोह होतो. ढगाळ दिवसांत कोवळी राहिलेली पाने अशाने एका दुपारीत करपतात, तेव्हा चार-पाच दिवस सकाळचेच ऊन द्यावे. त्या रोझमेरीच्या निरोगी शेंड्यांच्या मी पाच काड्या वाळूत लावल्या होत्या, त्यांतल्या दोन जगल्या. त्या आता उंच, निमुळत्या मातीच्या कुंडीत आहेत, दोन विटांवर, आणि भोकातून सुती दोरी लोंबते आहे.