अलिबागहून रेवदंडा-कोर्लई: रिक्षा करू नका

'सगळं दाखवतो' म्हणणाऱ्या रिक्षात बसू नका, हे आधीच सांगतो. चौल, रेवदंडा, कोर्लई असे मिळून बाराशे ठरले होते. चौलच्या रामेश्वराला पुष्करणी धड बघतोय तोवर हॉर्न सुरू. रेवदंड्यात गाडी वेशीतून आरपार काढली आणि वर म्हणे, "हाच की किल्ला, झाला बघून!" कोर्लईत गावाच्या तोंडाशीच ब्रेक. दीपगृहापर्यंत न्यायचे तीनशे जास्त, थांबायचे वेगळे. भर उन्हात, पोरंबाळं सोबत, दिले. याच रस्त्याने अलिबाग-मुरूड एसटी जाते. तीच धरा.

कोर्लईचा किल्ला मात्र सोडू नका. समुद्रात घुसलेली डोंगराची सोंड, एका अंगाला कुंडलिकेची खाडी. निजामशाहीने इथे बांधकाम काढलं, १५९४ मध्ये पोर्तुगिजांनी ते हिसकावून घेतलं, १७४० मध्ये किल्ला मराठ्यांकडे आला. दीपगृहामागून पायऱ्या आहेत, तिथवर काहीच त्रास नाही. त्रास आहे माथ्यावरून खाडीच्या मुखाकडे उतरणाऱ्या धारेवर. कमरेएवढं वाळलेलं गवत, त्याखाली सुटे दगड, पाय कुठे पडतोय ते दिसत नाही, आणि सावलीच्या नावाने शंख. चपला घालून जाल तर घोटा मुरगळून याल. फुलपँट, बूट, माणशी दोन लिटर पाणी. सकाळी नऊच्या आत वर पोहोचा, नाहीतर तो टप्पा सरळ गाळा. छप्पर गेलेलं चर्च, तोफा, पोर्तुगीज अक्षरांचा शिलालेख त्याआधीच बघून होतो.

उतरल्यावर गावात चहाला थांबा. इथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज-मराठीच्या मिलाफातून घडलेली बोली आजही घराघरांत चालते, 'नौ लिंग'. शेजारच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बोलत होत्या. हेल ओळखीचा वाटला, पण शब्द काही लागेना. अंगावर काटा आला.

रेवदंडा पायीच फिरा. तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, त्यातून सातखणी मनोरा गाठता येतो. नावात सात खण असले तरी आज तेवढे उभे नाहीत. वाड्या खाजगी आहेत, विचारून आत जा. १४६९ मध्ये चौलला आलेल्या अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचं स्मारक गावातल्या शाळेच्या आवारात आहे. बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) तेही बघा.



अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जा. भरतीची वेळ आदल्या रात्रीच बघून ठेवा. घोडागाडी करायचीच असेल तर जाऊन-येऊन किती ते बसण्याआधी ठरवा आणि पैसे परत किनाऱ्याला उतरल्यावरच द्या.