तुम्ही विचारलंत म्हणून: डॉसवर मागे गाणं वाजतं कसं

रविवारी रामबागेत आमच्याकडे पोहे-जिलबीला जो येतो त्याला कोपऱ्यातला जुना 386 संगणक दिसतो, मी त्यावर डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पत्र टाइप करत असतो आणि त्याच्या आतून बारीक आवाजात भूप राग चाललेला असतो, मग प्रश्न ठरलेला, काका, डॉस तर एका वेळी एकच काम करतं ना, मग हे मागे कसं वाजतंय?

खरंय, दोन कामं त्याला जमत नाहीत. पण मदरबोर्डवर एक टायमर असतो, तो सेकंदाला साधारण 18.2 वेळा प्रोसेसरला हाक मारतो, हातातलं ठेव, इकडे बघ. डॉसचं घड्याळ त्या हाकांवरच चालतं. आपला छोटासा प्रोग्राम मेमरीत मुक्काम ठोकून बसतो, त्याला टीएसआर म्हणायचे, तो ती हाक मधल्या मधे ऐकतो, पुढच्या सुराची वेळ झाली असेल तर सूर लावतो आणि हाक मूळ मालकाकडे, म्हणजे घड्याळाकडे, धाडतो. एडिटरला पत्ताच लागत नाही. एक पथ्य मात्र कडक आहे, त्या क्षणी डॉसकडे फाइल मागायची नाही, कारण ते स्वतःच कुठल्या तरी कामाच्या मधे असू शकतं, म्हणून सगळं गाणं आधीच मेमरीत भरून ठेवायचं.

जीडब्ल्यू-बेसिक या प्रोग्रामिंग भाषेत हे आयतं मिळायचं, सूर वाजवायच्या प्ले आज्ञेत एमबी (म्युझिक बॅकग्राउंड) लिहिलं की 32 सुरांपर्यंत रांग लागायची आणि प्रोग्राम आपला पुढे चालू. मी तिथूनच शिकलो.

पीसी स्पीकर एका वेळी एकच सूर काढतो, लोकांना ती उणीव वाटते, मला नाही वाटत, आपलं गाणं एका वेळी एकाच सुराचं तर असतं. अडलं ते मींडेपाशी, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्यापाशी. स्पीकरचा सूर एका आकड्यावर ठरतो, प साठी 3044, ग साठी 3620, आकडा वाढला की सूर उतरतो. आता प वरून ग वर अर्ध्या सेकंदात यायचं तर हाका मिळतात नऊच, ऐकायला जिना उतरल्यासारखं लागतं. म्हणून मी टायमर चौपट केला, सेकंदाला 72.8, आणि काय गोड मींड आली सांगू! पण अर्ध्या तासात मशीनच्या घड्याळाने दोन तास मोजलेले, कारण प्रत्येक हाक मी पुढे धाडत होतो. आता चारातली एकच धाडतो, बाकी तिन्ही वेळा इंटरप्ट कंट्रोलरला, म्हणजे हाका प्रोसेसरपर्यंत पोचवणाऱ्या चिपला, काम झालं एवढं कळवतो, ते राहिलं तर पुढची हाक येतच नाही.

ऑडिओ सीडी लावली तर यातलं काहीच लागत नाही, एकदा वाजव म्हटलं की ड्राइव्ह स्वतःच वाजवते, आवाज वायरने थेट साउंड कार्डात. सोय आहे, पण त्यात माझा जीव रमत नाही.

सध्या वरच्या सा वरून ध ची मींड बसवतोय, शेवटी शेवटी ती हळू व्हायला हवी, त्याचे आकडे वहीत हाताने मांडतोय, पान भरत आलंय.