वसंताच्या मूर्तीला शीर का नाही

तुम्ही विचारलेत म्हणून, आणि माझे हे पोस्टकार्ड हाती घेणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो म्हणून, एकदाच नीट लिहिते. फ्लॉरेन्सच्या आर्नो नदीवरील पुलांच्या माझ्या चित्रात सांता त्रिनिता पुलाच्या कोपऱ्यावरची वसंत ऋतूची मूर्ती शिराविना आहे. ती छपाईतली चूक नव्हे.

पहिल्या आवृत्तीत शीर होते आणि मागे मी 'आमान्नाती, १५६९' असे, म्हणजे मूळ पुलाच्या वास्तुविशारदाचे नाव आणि पुलाचे साल, छापले होते. ते कार्ड एका ज्येष्ठ चित्रकारांना मी मोठ्या हौसेने दाखवले. त्यांनी ते उलटले, सालाखाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढली आणि विचारले, "हा पूल १९४४ साली पडला. तू काढलास तो कोणता?" मी ताडकन म्हणाले की, मला दिसते ते मी काढते, इतिहास लिहीत नाही. त्यांनी वाद घातला नाही, फक्त कार्ड माझ्याकडे परत सरकवले. ते सरकवणे मला अजून बोचते, कारण माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने त्या ऑगस्टमध्ये पोन्ते वेक्यो सोडून शहरातले सारे पूल सुरुंगाने उडवले, हे मला ठाऊक होते. जुने साल शोभून दिसते, एवढ्यासाठीच मी ते छापले होते.

तरीही माझी बाजू अगदीच लंगडी नाही. १९५८ साली पूल पुन्हा उभा राहिला, तो नदीतून काढलेले मूळ दगड वापरून आणि जे कमी पडले त्यांसाठी बोबोली बागेतली खाण पुन्हा उघडून. कमानींचे ते लांबट, सपाट वळणही तेच राखले. मग त्याला नवा म्हणावे तरी कसे? चारही ऋतूंच्या मूर्ती जागेवर आल्या, पण वसंताचे शीर नदीच्या तळातून मिळाले ते १९६१ साली. मधली तीन वर्षे ती तशीच उभी होती, आणि मी ती वर्षे रंगवली आहेत. मानेच्या तुटलेल्या जागी कागद कोरा सोडला, कारण तिथे राखाडी रंग दिला की घाव बुजल्यासारखा दिसे.

शीर परत बसल्यावरही मी तिला त्या घावाशीच का बांधून ठेवते, असे माझ्यातली जुनी चित्रकर्ती मला विचारते, आणि तिला पटेल असे उत्तर माझ्यापाशी नाही. पुढच्या छपाईसाठी दोन्ही चित्रे तयार आहेत. कोणते पाठवायचे, ते ठरलेले नाही.