तरास्क उभा राहिला की मरतो: अठराव्या लेव्हलच्या पार्टीसाठी राक्षस घडवताना, नोंद तिसरी

आधीच्या दोन नोंदी वाचलेल्यांना माहीत आहे, तरी थोडक्यात सांगतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून खेळायच्या कथा-खेळाचं आमचं पाचव्या आवृत्तीचं कॅम्पेन, म्हणजे सलग चालणारी कथा (२०१४चे नियम), आता अठराव्या लेव्हलला पोचलंय. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. चार खेळाडू आहेत: विझार्ड (जादूगार), क्लेरिक (देवाच्या जोरावर जादू करणारी), फायटर (योद्धा) आणि बार्ड (गाणारा). शेवटच्या टप्प्यासाठी मला तरास्क हा महाकाय राक्षस हवाय, तोही रडायला लावणारा. खरं कॅम्पेन बिघडू नये म्हणून चाचण्या वेगळ्या घेतो. कॅरेक्टर तीच, पण जे होईल ते कथेत धरायचं नाही.

कागदावर हा प्राणी भयंकर आहे. सीआर (ताकदीची पातळी) ३०, एसी (वार लागायला फाशावर गाठायचा आकडा) २५, एचपी (जीव) ६७६. एका मल्टिअटॅकचे (एका पाळीतले) पाचही वार लागले तर सरासरी १४८चं नुकसान, वर लेजेंडरी अॅक्शन (इतरांच्या पाळ्यांनंतर मिळणाऱ्या जादा कृती) वेगळ्या. डीएमच्या पुस्तकातल्या हिशोबाने अठराव्या लेव्हलच्या चौघांसाठी ३८,००० एक्सपीच्या (अनुभव-गुणांच्या) पुढची लढाई 'डेडली' ठरते. तरास्कचे एक्सपी १,५५,०००, म्हणजे चौपटीहून जास्त. हा आकडा बघून पहिल्या चाचणीआधी मी चौघांना 'दुसरी कॅरेक्टर तयार ठेवा' असं बजावलं होतं. ते वाक्य अजून दर रविवारी माझ्या तोंडावर मारलं जातं.

झालं असं की विझार्डने सहाव्या लेव्हलचा स्लॉट (स्पेल टाकायच्या मोजक्या संधींपैकी एक) टाकून चौघांना फ्लाय (उडायची जादू) दिलं आणि सगळे साठ फूट वर गेले. तरास्कची सगळ्यात लांब पोच शेपटीची, तीही वीस फूट. लांबून फेकायला त्याच्याकडे काही नाही, पंख नाहीत, बुद्धी ३. माझा सीआर ३० खाली उभा राहून गच्चीवरच्या मांजराकडे बघणाऱ्या कुत्र्यासारखा वर बघत बसला. चौथ्या फेरीत मीच फासे खाली ठेवले.

त्या रात्री बसून हिशोब केला. एकटी क्लेरिक घ्या, साधा सेक्रेड फ्लेम, ज्याला स्लॉटसुद्धा लागत नाही. त्यातून वाचायला फाशावर गाठायचा आकडा, म्हणजे डीसी, १९; तरास्कचं डेक्स (चपळाई) +०. मॅजिक रेझिस्टन्समुळे तो दोनदा फासा टाकतो, तरी ८१ टक्के वेळा फसतो. ४ डी ८चे (चार आठपैलू फाशांचे) सरासरी १८ धरले तर फेरीला साधारण साडेचौदा. तीन लेजेंडरी रेझिस्टन्स (फसलेला सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, जिंकल्याचा धरायची मुभा) वजा केले तरी पन्नासेक फेऱ्यांत खेळ खलास. खेळातली पाच मिनिटं! फ्लाय दहा मिनिटं टिकतं.

दुसऱ्या चाचणीबद्दल फार लिहीत नाही. एचपी दुप्पट केले. तीच लढाई दुप्पट वेळ चालली आणि बार्ड मोबाईलवर क्रिकेटचा स्कोअर बघत बसला. तरास्कला दगडफेकही देऊन पाहिली. मग तो निव्वळ मोठ्या आकाराचा दगडफेक्या राक्षस वाटायला लागला, म्हणून ती काढून टाकली. उडणाऱ्यांना खाली पाडणारा कायमचा वादळी वारा वगैरे सुचवणारे मित्र होते. मला ते पटत नाही. खेळाडूने सतरा लेव्हल घाम गाळून मिळवलेली गोष्ट डीएमने 'इथे चालत नाही' म्हणून बंद करायची, हा रडीचा डाव झाला.

उत्तर स्टॅट ब्लॉकमध्येच (राक्षसाच्या आकड्यांच्या तक्त्यात) पडलं होतं, मी वाचलं नव्हतं. तरास्कचा वेग ४० फूट. लेजेंडरी अॅक्शनमध्ये 'मूव्ह' आहे, एकेकीत अर्धा वेग, म्हणजे वीस फूट. तीन वेळा वापरली की साठ. म्हणजे हा प्राणी एका फेरीत शंभर फूट जातो, डॅश केला (पाळीतली कृतीही धावण्यात घातली) तर एकशे चाळीस. फ्लायचा वेग साठ. बरोबर राहायचं तर डॅश करावा लागतो, आणि डॅश केला की स्पेल टाकता येत नाही. सेक्रेड फ्लेमची रेंज साठ फूट. दोन-तीन फेऱ्यांत क्लेरिक वरातीमागून घोडं!

तर तिसऱ्या चाचणीत तरास्कला एकच काम दिलं: शहराकडे चालत जा. वेस पंधराशे फुटांवर. वाटेत जो येईल त्याला मार, वर उडणाऱ्यांकडे बघूही नकोस. पंधरा फेऱ्यांत तो दरवाज्याशी, आणि सीज मॉन्स्टर असल्यामुळे भिंती-दरवाज्यांना दुप्पट नुकसान. एकही आकडा बदलला नाही. एचपी परत ६७६.

फक्त एक घरचा नियम घातला, तो आधी सगळ्यांना सांगून. ज्या स्पेलला सेव्हच नाही अशा एका स्पेलमधून तरास्क सुटू शकतो, पण त्यासाठी तिन्ही लेजेंडरी रेझिस्टन्स एकदम खर्ची घालावे लागतात. कारण फोर्सकेज. वीस फुटांचा पिंजरा, वीस फुटांची जागा व्यापणारा प्राणी, मोजून बसतो. टेलिपोर्ट येत नाही, मग तासभर आत. आता पिंजरा वाया जात नाही, त्याची किंमत वसूल होते.

तिसरी चाचणी साडेतीन तास चालली आणि मोबाईल कुणी काढला नाही. फायटरचा धनुष्यबाण तेवढा पुरत होता, पण +१४ असूनही एसी २५ला त्याचे निम्मे बाण वाया. दुसऱ्या फेरीत फोर्सकेज पडला. तरास्कने तिन्ही रेझिस्टन्स जाळून तो फोडला. विझार्डच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते बघून मी समजलो, पुढचं काहीतरी ठरलंय.

मेझ! आठव्या लेव्हलचा, सेव्ह नाही, बाहेर यायला इंटेलिजन्सची डीसी २० चाचणी. तरास्कचा इंटेलिजन्स मॉडिफायर −४. वीस पडले तरी सोळाच होतात, आणि अशा चाचणीत वीसला आपोआप यश नसतं. म्हणजे पूर्ण दहा मिनिटं तो चक्रव्यूहात.

गंमत पुढे आहे. मेझला कॉन्सन्ट्रेशन (एकाग्रता) लागतं आणि फ्लायलाही, आणि ते एका वेळी एकाच स्पेलवर धरता येतं. मेझ टाकला की चौघंही आभाळातून खाली. पाचव्या फेरीत विझार्ड ओरडली, "उतरा रे सगळे, मी सोडतेय!" क्लेरिक आणि बार्ड उतरले, त्यात त्यांची हालचाल गेली. फायटरला अजून एक बाण मारायचाच होता. साठ फुटांवरून पडला, ६ डी ६. त्याचं बोलणं इथे छापण्यासारखं नाही. पण तरास्क वेशीपासून हजारेक फुटांवर गायब झाला होता, आणि दहा मिनिटांनी तिथेच परत येणार होता. ती दहा मिनिटं त्यांनी शहर रिकामं करण्यात घालवली. लढाई संपली नाही, आणि मला हेच हवं होतं.

राहिलेली काळजी विशची, म्हणजे हवं ते मागायच्या स्पेलची. नवव्या लेव्हलचा स्लॉट विझार्डने अजून वापरलेला नाही, आणि जुन्या आवृत्त्यांमध्ये तरास्कला कायमचा मारायला विशच लागायचा. १९८३ साली तो पहिल्यांदा छापला गेला तेव्हापासूनची ती रीत. मला ती परत आणायचा मोह होतोय. पण सांगून टाकायची की शोधू द्यायची, हे ठरत नाही.

परवा बार्डचा मेसेज आला: "याला मारायलाच हवं का? गाऊन शांत होणार नाही का?"

त्याला तारास्कोंची गोष्ट माहीत नाही, मी खात्री करून घेतली. दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदीकाठी हे गाव आहे, तरास्क हे नाव तिथल्याच दंतकथेतलं. तिथे संत मार्थाने त्या प्राण्याला तलवारीने नाही जिंकलं. पवित्र पाणी शिंपडलं, आपल्या कमरपट्ट्याने बांधलं आणि चालवत गावात आणलं. मग गावकऱ्यांनीच त्याला मारून टाकलं.

बार्डला अजून उत्तर दिलेलं नाही. स्टॅट ब्लॉकच्या तळाशी पेन्सिलने एवढंच लिहून ठेवलंय: कमरपट्टा. डीसी किती?