शाळेच्या फेसबुक पेजवरून मुलीचा फोटो उतरवताना : माझा अनुभव

शाळेच्या पेजवरून आपल्या लेकराचा फोटो काढून घ्यायचा असेल, तर आधी हे ऐका. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का पडल्याशिवाय ऑफिसातून हलू नका. बाकीचं सगळं जमतं. माझं घोडं अडलं ते याच ठिकाणी, आणि त्या ऑफिसचा राग अजून उतरलेला नाही.

माझी मुलगी सोलापुरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत दुसरीला आहे. बाई जीव लावून शिकवतात, शिकवण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. शाळेच्या बातम्या पालकांपर्यंत पोचाव्यात म्हणून शाळेने फेसबुक पेज काढलं. गॅदरिंग, सहल, शिष्यवृत्तीचे निकाल असं सगळं त्यावर यायचं. शिवाय रोज ‘आजचे वाढदिवस’ : गणवेशातला फोटो, पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी आणि जन्मतारीख. पेज जगाला खुलं. एके दिवशी माझ्या जाऊबाईंनी मला एक प्रोफाइल दाखवली. त्यावर खऱ्या माणसाची काहीही खूण नव्हती, फक्त आमच्या शाळेतल्या मुलींचे वाढदिवसाचे फोटो ओळीने शेअर केलेले. मुलगा एकही नाही. माझी लेक त्यात होती.

मी गणवेशाच्या गारमेंटमध्ये हिशेब बघते. आपल्या सोलापुरातून कुठल्या कुठल्या राज्यांत गणवेश जातात. एका शाळेचे चेक्स, खिशावरचा बिल्ला, टायचा पट्टा दुसऱ्या शाळेशी जुळू नये म्हणून आम्ही जिवाचं रान करतो. म्हणून मला चांगलं ठाऊक आहे की गणवेशातला फोटो म्हणजे शाळेचा पत्ताच. त्याला नाव आणि जन्मतारीख जोडली, की कुणीही शाळा सुटायच्या वेळी गेटवर उभा राहून “परवा तुझा वाढदिवस झाला ना गं?” असं म्हणू शकतो. सात वर्षांचं लेकरू आपलं नाव माहीत असलेल्या माणसाला परका समजत नाही.

वर्गाच्या बाईंना सांगितलं तर त्यांनी त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे असे फोटो अ‍ॅडमिन म्हणून सगळ्यांसाठी डिलीट केले. पेज मात्र त्यांच्या हातात नव्हतं. “ऑफिसात अर्ज द्या,” म्हणाल्या.

ऑफिसातल्या क्लार्कनी अर्ज घेतला, घडी घातली, ड्रॉवरमध्ये टाकला.

“ठेवून जावा की ताई, मॅडमना दाखवतो.”

“सर, आवक नंबर टाकून माझ्या प्रतीवर सही द्या.”

“पालकांच्या असल्या अर्जाला आवक नसतंय ओ. दाखला मागायला आलात तर देतो की.”

पुढच्या वेळी गेले तर “कुठला अर्ज?” मी झेरॉक्स पुढे केली. मग कळलं की अर्ज मुख्याध्यापिकांच्या नावाने नको, संस्थेच्या सचिवांच्या नावाने हवा. तो नेला तेव्हा सचिव गावाला. नंतर माझ्यासमोर मुलीचा प्रवेश अर्ज काढला आणि त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं : ‘शालेय उपक्रमांची छायाचित्रे प्रसिद्ध करण्यास हरकत नाही.’ खाली माझी सही. “तुम्हीच लिहून दिलंय की ताई.”

तिथे मी आवाज चढवला नाही, पण ठाम बोलले. वाढदिवस हा शालेय उपक्रम नाही. जन्मतारीख हे छायाचित्र नाही. आणि दिलेली संमती मागे घेता येते. 2023 साली झालेला वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो, त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती मागतो आणि संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणं सोपं असावं असंही म्हणतो. त्याची कलमं टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, तरी अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा. मी केला होता. क्लार्कनी तो वाचला आणि तेव्हा कुठे खरं कारण तोंडातून निघालं : “पेजचा पासवर्ड आमच्याकडे नाहीच ओ.”

पेज काढलं होतं शाळेत पूर्वी कंत्राटी कामाला असलेल्या कॉम्प्युटर ऑपरेटरने, स्वतःच्या खात्यावरून. तो नोकरी सोडून पुण्याला गेला. तरी क्लार्क रोज सकाळी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर वाढदिवसाची यादी आणि फोटो पाठवत होते आणि तो तिकडून पोस्ट टाकत होता. म्हणजे शाळेतल्या सगळ्या लेकरांची नावं, फोटो, जन्मतारखा शाळेत नोकरीला नसलेल्या माणसाच्या फोनमध्ये जात होत्या. फोटो चढवायला तो रोज हजर. उतरवायचं म्हटलं की “तो आता आपल्याकडे नाही.” हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याला फोटो टाकता येतो त्याला तो काढताही येतो. शाळेला काढता येत नसेल, तर तिने टाकूच नये.

“मोबाइलच्या एवढ्या विरोधात असलात तर कसं व्हायचं,” असंही मला तिथे ऐकवलं गेलं. ते फार लागलं. आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडच्या कामासाठी 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा आमच्या गारमेंटमध्ये पेढे वाटले होते. मोबाइलला माझा विरोध नाही. लेकरांची माहिती चव्हाट्यावर मांडायला आहे.

शिक्का मिळत नाही म्हटल्यावर मी तोच अर्ज स्पीड पोस्टाने मुख्याध्यापिकांना आणि सचिवांना पाठवला, एक प्रत महापालिकेच्या शिक्षण मंडळाच्या प्रशासन अधिकाऱ्यांना. पोस्टाची पावती आणि पोच झाल्याची नोंद हीच माझी आवक. त्यानंतर मुख्याध्यापिका मॅडमनी स्वतः फोन करून बोलावलं. यादी बाहेर जाते हे त्यांना ठाऊक नव्हतं. चेहऱ्यावरूनच दिसत होतं. माझा त्यांच्यावर रोष नाही.

ऑफिसची ही ओढाताण चालू असतानाच मी फेसबुककडे थेट तक्रार केली, आणि हे तुम्ही पहिल्याच दिवशी करू शकता. मूल 13 वर्षांच्या आतलं असेल तर त्याचा फोटो काढून टाकण्यासाठी पालकांना भरता येईल असा वेगळा फॉर्म फेसबुकच्या मदत केंद्रात आहे. प्रत्येक पोस्टची लिंक वेगळी द्यावी लागते. पोस्टवरच्या तीन टिंबांवर दाबून लिंक कॉपी करा. त्याआधी तारीख आणि खात्याचं नाव दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण पोस्ट उडाली की पुरावाही उडतो. माझ्या मुलीचा फोटो निघाला तो या वाटेने, शाळेच्या परवानगीवाचून.

पण इतर मुलींचं काय? फॉर्म फक्त आपल्या लेकरापुरता चालतो. मी त्या मुलींच्या आयांना एकेकीला फोन केला. स्क्रीनशॉट पालकांच्या ग्रुपवर टाकला नाही, तुम्हीही टाकू नका. तक्रार म्हणून टाकलेला फोटोसुद्धा फिरतो. त्या प्रोफाइलखाली जाऊन कुणी भांडूही नये, आपलं खातं आणि आपल्या लेकराचे फोटो त्याच्या नजरेत येतात. प्रोफाइलची तक्रार फेसबुककडे करावी, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व बालकांसाठी वेगळा विभाग आहे, तिथेही. त्या विभागात नाव न देता तक्रार करता येते. मुलाला कुणी त्रास देत असेल तर 1098 ही चाइल्डलाइन आहे. 1930 वर फोन मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी करायचा असतो.

सगळ्या आयांच्या सह्यांचं निवेदन शाळा व्यवस्थापन समितीपुढे गेलं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक असतात, म्हणून तिथे विषय ढकलून देता येत नाही. लेकरांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीच्या बाईही बसल्या होत्या. ही समिती प्रत्येक शाळेत असावी असा सरकारचा 2022 पासूनचा आदेश आहे. आपल्या शाळेत ती आहे का ते विचाराच. पुण्याच्या त्या मुलाला सगळ्यांसमोर फोन लागला. त्याने कुरकुर न करता पेजचा ताबा दोन कायम शिक्षकांकडे दिला, आणि वाढदिवसाच्या सगळ्या पोस्ट गेल्या. मूळ पोस्ट गेली की शेअर केलेलीही रिकामी होते. त्या प्रोफाइलवरची मुलींची ओळ नाहीशी झालेली पाहिली आणि मी घरी येऊन ढसाढसा रडले.

आता वाढदिवस वर्गातच साजरा होतो. पेजवर समूहाचे फोटो येतात, नावाविना. सहलीची पोस्ट बस परत आल्यावर टाकायची असंही ठरलं. आधी ‘आत्ता आम्ही नळदुर्ग किल्ल्यावर’ असं मुलं तिथे असतानाच यायचं. गॅदरिंगचा यूट्यूबवरचा व्हिडिओ अनलिस्टेड केला, म्हणजे ज्याच्याकडे लिंक आहे त्यालाच तो दिसतो. प्रवेश अर्जातल्या त्या ओळीशेजारी ‘हरकत आहे’ असा चौकोनही छापला गेला. याचा मला अभिमान आहे.

एक राहिलंच. पोस्ट उडाल्यावरही फोटो गूगलच्या शोधात काही काळ दिसू शकतो. 18 वर्षांखालच्या मुलांचे फोटो शोधातून काढण्यासाठी गूगलचा वेगळा अर्ज आहे, तो पालकांना भरता येतो. मुलीचं पूर्ण नाव आणि शाळेचं नाव एकत्र टाकून शोधा, काय काय निघतं ते बघा आणि प्रत्येकाची लिंक त्यात द्या. कुणी फोटो डाउनलोड करून दुसरीकडे चढवला असेल, तर त्या प्रतीची तक्रार मात्र त्या त्या ठिकाणी पुन्हा करावी लागते.