तुम्ही विचारलंत म्हणून: बागेला तिकीट का नको?

सार्वजनिक बागा, मैदानं, पोहण्याचे तलाव सगळ्यांना विनाशुल्क खुले असावेत, असं मी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘अहो, नाममात्र तर तिकीट असतं. तेवढंही लोकांनी देऊ नये का? आणि फुकट केलंत की घाण होणार, ती कोण काढणार?’ विचारणारे बहुधा रोज फिरायला जाणारे, बागेवर जीव असलेले असतात. त्यांची काळजी खोटी नसते, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

आधी ‘नाममात्र’चं बघू. हा शब्द नेहमी ज्याला ते पैसे जाणवत नाहीत त्याच्याच तोंडी असतो. घरात चार मुलं असतील तर नाममात्र चौपट होतं, आणि रोज जायचं म्हटलं तर महिन्याच्या खर्चातली एक वेगळी ओळ होते. पण रकमेपेक्षाही मला खटकतं ते दुसरंच. तिकीट काढलं की माणूस हिशेब मांडू लागतो. पैसे मोजलेत तर दोन तास तरी बसू, मग डबा घेऊ, सगळ्यांनाच नेऊ, त्यापेक्षा रविवारी बघू. म्हणजे बागेत जाणं हा एक बेत होतो. बाग मात्र सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती बेत नसलेल्या दहा मिनिटांत. बसला वेळ आहे, तान्हं मूल किरकिर करतंय, घरात शब्दाला शब्द लागलाय, मुलाखत अर्ध्या तासावर आलीय आणि हात थंड पडलेत. या दहा मिनिटांसाठी तिकीट कोणी काढत नाही. ती माणसं फाटकावरून तशीच पुढे जातात, आणि कुठल्याच नोंदवहीत त्यांची नोंद होत नाही. तिकीटखिडकीला आत गेलेले तेवढे मोजता येतात.

बागेचा इतिहास सांगताना मला इंग्लंडमधल्या डर्बी शहराची वृक्षवाटिका फार आठवते. जोसेफ स्ट्रट नावाच्या गिरणीमालकाने आपली जमीन शहराला दिली, लाउडन या नावाजलेल्या उद्यानरचनाकाराकडून तिची आखणी करून घेतली आणि 1840 मध्ये ती खुली झाली. देशोदेशीची झाडं, वळणावळणाच्या वाटा, आणि मधे मातीचे उंचवटे, म्हणजे पलीकडच्या वाटेवरची माणसं दिसू नयेत आणि जागा आहे त्याहून मोठी वाटावी. सगळं मनापासून केलेलं. पण देखभालीसाठी कायमचा निधी मागे ठेवलेला नव्हता. मग काय, आठवड्यातले दोन दिवस, रविवार आणि बुधवार, प्रवेश मोफत आणि उरलेले पाच दिवस पैसे. रविवारीसुद्धा चर्चच्या प्रार्थनेच्या वेळी बंद. गिरणीतल्या कामगाराला सुट्टी रविवारचीच, तेव्हा त्याच्या वाट्याला गर्दीचे ते काही तास. शांत, मोकळी बाग ज्यांना इतर दिवशी सवड होती आणि पैसेही होते त्यांची. हे शुल्क पूर्ण काढून टाकायला 1882 साल उजाडलं. दानाची दानत मोठी होती, यात शंका नाही. पण झाडांना पाणी घालायचे पैसे कुठून येणार, हे ठरवलं नाही की बाग हळूहळू तिकीटखिडकीमागे जाते. आजही नेमकं हेच होतं. लोकांना बाहेर ठेवायचं असं कोणी ठरवत नाही. अंदाजपत्रकात देखभालीचा रकाना रिकामा राहतो आणि तो भरायला तिकीट येतं.

आता घाण. पैसे मोजले की माणूस जपून वागतो, असं मानणाऱ्यांनी मोठा सामना संपल्यावर स्टेडियममधल्या खुर्च्यांखाली एकदा बघावं. तिथे सगळे तिकीट काढूनच आलेले असतात. उलट पैसे दिले म्हणजे उचलायला माणसं ठेवलेली असणारच, असं धरून चालणारेही पुष्कळ. बाग स्वच्छ राहते ती कचऱ्याचे डबे वेळेवर रिकामे झाले, स्वच्छतागृहात पाणी असलं आणि माळी रोज दिसला तर. दुसरं असं की तिकिटासाठी आधी कुंपण लागतं. चारही बाजू बंद करून एकच फाटक ठेवावं लागतं. मग बागेतून आरपार जाणारे पाय थांबतात, आणि संध्याकाळी आतल्या कोपऱ्यात एकटं बसायला भीती वाटू लागते. मग रखवालदार वाढवायचे, आणि त्यांच्या पगारासाठी तिकीट वाढवायचं.

हा हिशेब तसा जुना आहे. फ्रान्समधले इंजिनिअर ज्यूल द्युप्युई यांनी 1844 मध्ये पुलावरच्या टोलबद्दल तो मांडला होता. पुलावर गर्दी नसेल तर आणखी एक माणूस गेल्याने खर्च जवळजवळ काहीच वाढत नाही. टोलमुळे तो माणूस माघारी फिरला तर त्याचा फायदा बुडाला, आणि टोलवाल्याच्या गल्ल्यातही काही पडलं नाही. दोघांनीही गमावलं. अर्ध्या रिकाम्या बागेच्या दाराशी उभी असलेली खिडकी अगदी हेच करते.

पण पैसे तर लागतातच! हो, लागतात आणि भरपूर लागतात. ते कोणाकडून घ्यायचे, हा खरा वाद आहे. लिव्हरपूलजवळच्या बर्कनहेडमध्ये 1847 मध्ये सार्वजनिक पैशातून बाग उभी राहिली, ती पहिल्या दिवसापासून सर्वांना मोफत. बागेच्या कडेचे भूखंड घरांसाठी विकून खर्चाची भरपाई करायची, अशी योजना होती. ही बाग बघून भारावलेल्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी पुढे कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांच्याबरोबर न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची आखणी केली. त्या पार्कवरच्या खर्चाचं समर्थन करताना ते आजूबाजूच्या जमिनींचं वाढलेलं मोल आणि त्यातून शहराला मिळणारा वाढीव कर यांचा दाखला देत. बागेसमोरच्या घराची किंमत बागेमुळे वाढते, हे कोणत्याही दलालाला विचारा. तो मालक खिडकीत उभा राहून रोज हिरवळ बघतो, त्याला तिकीट नाही. दोन बस बदलून आलेल्या कुटुंबाला मात्र आहे. मालमत्ता कराचा एक ठरावीक हिस्सा बागेच्या नावाने बांधून ठेवला आणि तो दुसरीकडे वळवायला बंदी केली, तर हा उलटा न्याय थोडा सरळ होईल. चीनमधल्या हांगचौ शहराने 2002 मध्ये पश्चिम सरोवराकाठच्या बागांची तिकिटं आणि कुंपणं काढायला सुरुवात केली. तिकिटाचं उत्पन्न गेलं, पण येणारी माणसं वाढली, जास्त वेळ थांबू लागली आणि खानावळी, हॉटेलं, दुकानं यांतून शहराकडे त्याहून जास्त आलं. प्रत्येक बागेचं असं होणार नाही. वस्तीतल्या छोट्या बागेसाठी पर्यटक कशाला येतील? तिला कराचाच आधार लागतो.

माझ्या बाजूला न जुळणारी एक गोष्टही सांगायला हवी, कारण ती कोणी ना कोणी काढतंच. इंग्लंडमध्ये एप्रिल 2009 पासून 16 वर्षांपर्यंतच्या मुलांना आणि 60 आणि त्याहून जास्त वयाच्यांना सार्वजनिक तलावांत मोफत पोहण्याची योजना होती. जुलै 2010 अखेर ती गुंडाळली. सरकारने कारण दिलं ते असं की मोफत पोहणाऱ्यांतले बरेच जण पैसे देऊनही पोहायला आलेच असते. पैशांची तेव्हा ओढाताण होती, हा भाग वेगळा. पण निरीक्षण मी गंभीरपणे घेते. ज्याला पोहताच येत नाही, ज्याच्या घरापासून तलाव तासाभरावर आहे, जिला पुरुषांसमोर पाण्यात उतरायचं नाही, त्यांच्यासाठी दार मोफत झाल्याने फारसं बदलत नाही. त्यांना शिकवणारा लागतो, वेगळी वेळ लागते, जवळ तलाव लागतो. मोफत प्रवेशाने एक अडथळा जातो, बाकीचे आपल्याला हाताने काढावे लागतात.

तलाव आणि टेनिस कोर्ट यांना गर्दीची मर्यादा आहे हेही मान्य. हिरवळीवर शंभर माणसं बसतील, कोर्टावर चारच खेळणार. इथे मोफत केलं तर जो आधी नाव घालतो तोच वर्षभर कोर्ट अडवून बसेल, ही भीती रास्त आहे. पण त्यावर पैसा हा एकच उपाय नाही. एका नावाने आठवड्यात एकच पाळी, नाव घालून आला नाही तर पुढची पाळी रद्द, काही वेळा नवशिक्यांसाठी राखून. असल्या नियमांनीही वाटप होतं, आणि बहुतेकदा जास्त न्याय्य होतं. तिकीट लावायचंच असेल तर सिंगापूरच्या वनस्पती उद्यानासारखं लावा. तिथे पहाटे 5 ते मध्यरात्री 12 पर्यंत बाग मोफत आहे, पैसे पडतात ते आतल्या ऑर्किडच्या खास दालनाला. ऑर्किड बघायचं की नाही हे मी ठरवीन. झाडाखाली बसण्याचं तसं नाही.

राहिला शेवटचा, समजूतदार वाटणारा तोडगा: ‘सरसकट कशाला? गरिबांना पास द्या, बाकीचे देतील.’ याला माझा सगळ्यात जास्त विरोध आहे. पास म्हणजे अर्ज, अर्जाला उत्पन्नाचा दाखला, दाखल्यासाठी एका दिवसाची मजुरी बुडणार. तो मिळाल्यावर दारात, मुलांच्या देखत, वेगळ्या रंगाचं कार्ड काढून दाखवायचं. बरेच जण ते कार्ड काढतच नाहीत, आणि मग वर्षाअखेरीच्या अहवालात लिहिलं जातं की मागणी नव्हती. शिवाय ज्या सोयीचा उपयोग फक्त गरीब करतात, तिच्या तुटलेल्या झोपाळ्याबद्दल ओरडणारं वजनदार कोणी उरत नाही. बागेत कारखान्याच्या मालकिणीची नात आणि त्याच कारखान्यातल्या कामगाराची नात एकाच घसरगुंडीच्या रांगेत असली, तर घसरगुंडीचा पत्रा निघाल्यावर तक्रार त्याच आठवड्यात होते. म्हणून मोफत असावं ते सर्वांना, ज्यांना परवडतं त्यांनाही. त्यांच्याकडून पैसे घ्यायला कर आहेच.