स्टेल्थ विमान आणि जुने रडार

अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांची लष्करी आघाडी असलेल्या नाटोचे हवाई हल्ले चालू असताना, २७ मार्च १९९९ च्या रात्री सर्बियातील बुजानोव्त्सी गावाजवळच्या शेतात अमेरिकेचे एफ-११७ हे स्टेल्थ, म्हणजे रडारला सहजी न सापडणारे, विमान कोसळले. ते पाडणारी एस-१२५ नेवा ही क्षेपणास्त्र प्रणाली १९६० च्या दशकातली होती आणि ती चालवणाऱ्या सर्बियन तुकडीचे टेहळणी रडार, पी-१८, तेही सोव्हिएत काळातलेच होते. स्टेल्थ विमाने शोधणाऱ्या रडारवर देश एवढा पैसा का खर्च करतात, हे समजून घ्यायचे तर या घटनेपासूनच सुरुवात करावी, असे मला वाटते.

स्टेल्थ विमान अदृश्य नसते. त्याच्यावरून परतणारा प्रतिध्वनी अत्यंत क्षीण असतो, एवढेच. रडारचा पल्ला परावर्तनाच्या चतुर्थ मुळाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे परावर्तन दहा हजार पटींनी घटवले तरी पल्ला एक-दशांश होतो, शून्य होत नाही. अर्थात चारशे किलोमीटरवरून दिसणारे विमान चाळीस किलोमीटरवर येईपर्यंत दिसू नये, ही बचाव करणाऱ्यासाठी भयंकरच गोष्ट आहे, कारण लढाऊ विमान हे अंतर दोन-तीन मिनिटांत कापते. देश जो पैसा मोजतात तो खरे तर ही हरवलेली मिनिटे परत मिळवण्यासाठी.

त्यासाठी मीटर तरंगलांबीची रडारे उपयोगी पडतात. एफ-११७ चे कोनाकोनांचे पृष्ठभाग आणि त्यावरचा लहरी शोषणारा लेप हे मुख्यतः क्षेपणास्त्रांना लक्ष्य दाखवणाऱ्या, काही सेंटिमीटर तरंगलांबीच्या रडारांना चकवण्यासाठी होते. तरंगलांबी विमानाच्या शेपटीच्या किंवा पंखाच्या टोकाच्या आकाराएवढी झाली की ते भाग अनुनादाने लहरी परत फेकू लागतात आणि पृष्ठभाग तिरपे करण्याचा फारसा उपयोग होत नाही. मात्र अशा रडारचा अँटेना अवाढव्य असतो आणि लक्ष्याची जागा ते ढोबळपणेच सांगते. क्षेपणास्त्र नेमके नेऊन भिडवण्याइतकी अचूकता त्यात सहसा नसते. कुठे पाहायचे हे मात्र ते दुसऱ्या, अचूक रडारला सांगू शकते.

सर्बियात नेमके हेच घडले. तुकडीचे प्रमुख झोल्तान दानी यांनी शिस्त अशी घालून दिली होती की मार्गदर्शक रडार काही सेकंदांपुरतेच चालू करायचे, कारण रडारच्या लहरींचा माग काढत येणारी नाटोची क्षेपणास्त्रे त्याहून जास्त वेळ देत नसत, आणि तळाची जागाही वारंवार बदलायची. त्या रात्री मीटर तरंगलांबीच्या पी-१८ ने विमान हेरले, मार्गदर्शक रडारने त्याला थोडक्या वेळात पकडले आणि दोन क्षेपणास्त्रे सुटली. अमेरिकी विमाने ठरावीक मार्गांनी ये-जा करत होती, हाही बचाव करणाऱ्यांचा मोठाच फायदा ठरला. वैमानिक डेल झेल्को सुखरूप बाहेर पडले आणि काही तासांत त्यांची सुटका झाली.

एका विमानाने युद्धाचा निकाल बदलला नाही, हे मान्यच करायला हवे. तरीही अशा रडारमुळे हल्लेखोराचे गणित बदलते, आणि गुंतवणुकीचे मुख्य कारण माझ्या मते हेच आहे. बी-२ या अमेरिकी स्टेल्थ बॉम्बफेकी विमानाचा एका विमानामागचा खर्च, विकासासह धरला तर, दोन अब्ज डॉलरच्या पुढे जातो. आपण दिसू शकतो अशी शंका आली तरी अशा विमानासोबत शत्रूच्या रडारमध्ये अडथळा आणणारी जॅमर विमाने पाठवावी लागतात, मार्ग बदलावे लागतात, आधी रडारे शोधून नष्ट करावी लागतात. त्या तुलनेत जमिनीवरची रडारे पुष्कळ स्वस्त पडतात.

भारतापुढेही हा प्रश्न आहे, कारण चीनचे जे-२० हे स्टेल्थ विमान २०१७ पासून सेवेत आहे आणि हिमालयात डोंगरांच्या आडोशामुळे एकटे रडार कितीही शक्तिशाली असले तरी दऱ्यांच्या पलीकडचे पाहू शकत नाही. तिथे वेगवेगळ्या तरंगलांबींची, वेगवेगळ्या उंचीवरची रडारे एकमेकांना जोडलेली असावी लागतील आणि त्यांच्यामागे दानींच्या तुकडीसारखी सराव झालेली माणसे लागतील. संरक्षणखर्चाच्या चर्चेत विमानांचे आकडे जेवढ्या तावातावाने मांडले जातात, तेवढ्याच गांभीर्याने या जाळ्याचा आणि त्या सरावाचाही हिशेब मागितला गेला पाहिजे.